उभी गाडी कोणीतरी पाडली. चालवण्याआधी काय तपासू आणि पुन्हा लावू कशी?

निळीगाडी

नमस्कार मंडळी. कालपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून थेट विचारते.

गाडी दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली. पुढे डिस्क, मागे ड्रम. काल संध्याकाळी काम संपवून खाली आले तर गाडी उजव्या अंगावर आडवी. बघणारे म्हणाले, एक चारचाकी मागे घेताना तिचा बंपर लागला; चालवणारा थांबलाच नाही. किती वेळ पडून होती ते कोणालाच नीट सांगता येईना. दोघांच्या मदतीने उचलली. खाली पेट्रोलचा ओघळ होता आणि वासही जबरदस्त येत होता. घर जवळच असल्याने चालू न करता ढकलत आणली.

दिसणारं नुकसान असं: उजवा आरसा फुटला, उजवा पुढचा इंडिकेटर वायरीला लोंबतोय, पुढच्या ब्रेकची लिव्हर टोकाकडे वर वळली आहे, मागच्या ब्रेकचं पेडल आत दाबलं गेलंय, टाकीला उजवीकडे पोचा आणि सायलेन्सरभर ओरखडे. ढकलताना एक गोष्ट लक्षात आली. गाडी सरळ चालते, पण हँडल डावीकडे वळलेलं राहतं. सकाळी मेन स्टँडवर घेऊन चालू करून पाहिली. बराच वेळ लागेना, मग लागली, निळसर धूर आला आणि थोड्या वेळाने तो थांबला. आणि हो, रात्रभर उभी होती तिथे इंजिनाखाली तळहाताएवढा डाग पडलाय. कसला आहे ते कळत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. एक, गॅरेजात नेण्याआधी मी स्वतः काय काय तपासू, म्हणजे तिथे गेल्यावर नेमकं सांगता येईल? दुसरी, ही जागा मला बदलता येणार नाही. थोडा उतार आहे, उन्हात डांबर मऊ होतं आणि चारचाक्या सतत मागेपुढे होत असतात. तिथेच लावायची तर कशी लावू?

---

दहाबाराचा पाना

ताई, चालू न करता ढकलत नेलीत हे फार चांगलं केलंत. माझी सगळी उमेद गॅरेजात गेली. पडलेली गाडी आली की मी आधी एवढंच विचारतो: कुठल्या अंगावर पडली? तुमची उजव्या अंगावर पडली. त्या अंगाला ॲक्सिलरेटर आहे, पुढचा ब्रेक आहे आणि मागच्या ब्रेकचं पेडल आहे. वेग आवरायची सगळी साधनं तिकडेच. डाव्या अंगावर पडली असती तर क्लच आणि गिअरचं पेडल गेलं असतं, गाडी हलवणं अवघड झालं असतं, पण धोका इतका नसता. म्हणून आरसा, इंडिकेटर, ओरखडे यांच्याकडे दोन दिवस बघूच नका. लोक ओरखड्यावर हात फिरवत बसतात आणि अडकलेला ॲक्सिलरेटर तसाच घेऊन रस्त्यावर जातात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि एकदम सोडा. खटकन जागेवर आला पाहिजे. हँडल सरळ ठेवून पाहा, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. पडताना हँडलच्या टोकाचं वजन आत सरकतं आणि ग्रिपला घासायला लागतं. दोघांमध्ये बारीक फट दिसली पाहिजे. कधी लिव्हरचं ब्रॅकेट फिरून ग्रिपच्या आतल्या कडेला टेकतं, कधी हँडलचा पाइपच तिथे वाकलेला असतो. हे तिन्ही ठीक असेल तर मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि हँडल सावकाश दोन्ही टोकांना फिरवा. फिरवताना इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. वळणावर गाडी आपोआप वेग घेईल, तेव्हा ते दुरुस्त झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही.

आता ब्रेक. वाकलेली लिव्हर सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ती ओतीव ॲल्युमिनियमची असते, परत वाकवली की आत तडा जातो, आणि तो तडा नेमका जोरात ब्रेक दाबायच्या वेळी उघडतो. नवीनच टाका. काही लिव्हरना टोकाच्या गोळीजवळ मुद्दाम खाच ठेवलेली असते, म्हणजे पडल्यावर फक्त गोळी तुटावी आणि बोटं धरायला लिव्हर उरावी. नवीन घेताना तशी मिळाली तर तीच घ्या.

नवीन लिव्हर बसली की दाबून बघा. टणक लागली पाहिजे. पोकळ लागली, हळूहळू ग्रिपपर्यंत आली, तर आडवी असताना ब्रेक ऑइलच्या वरच्या डबीतली हवा मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागात, शिरली आहे. काही वेळा हळूहळू पंप केल्यावर ती परत वर निघून जाते. नाही गेली तर ब्लीड करून हवा काढावी लागेल. डबीच्या झाकणाभोवती आणि लिव्हरच्या पिनपाशी ओल आहे का तेही पाहा. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे टाकीवर किंवा मडगार्डवर उडालं असेल तर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने धुऊन टाका. डिस्कवर आलं असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. पण पॅडने ते शोषलं असेल तर पॅड बदलायचे.

मागचं पेडल लोखंडी असेल तर बाहेर ओढून जागेवर आणता येतं. गरम करून केलं तर बरं, पण पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर आणि पेडल गाडीवरून काढूनच. जागेवर आलं की मागचं चाक उचलून हाताने फिरवा. पेडल सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे. पेडल आत दाबलं जाताना रॉड ओढला गेला असेल तर ब्रेक अर्धवट लागून राहतो, ड्रम तापतो. ब्रेकचा मागचा दिवा सोडल्यावर विझतो का, तेही बघून घ्या.

निळ्या धुराची काळजी करू नका. गाडी आडवी पडली की क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाच्या) ब्रीदर नळीतून थोडं ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जातं, थोडं सिलिंडरमध्ये उतरतं. ते जळालं की धूर थांबतो. तुमचा थांबला, म्हणजे बहुतेक तेच. तरी एअर फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टर ऑइलने भिजला असेल तर तो धुता येत नाही, बदलायचा. डब्याच्या तळाला एक लहान नळी असते, टोकाला बूच. ते काढून साचलेलं ऑइल सोडून द्या. मग गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करून इंजिन ऑइलची पातळी बघा.

चालू व्हायला वेळ लागला तो कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाल्याने. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो: अशा वेळी चोक लावायचा नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारायचा. आणि स्टार्टर मारताच इंजिन ठप्प अडकलं, अजिबात फिरेना, तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल साठलेलं असू शकतं आणि द्रव दाबला जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंजिन फिरवा म्हणजे ते बाहेर पडेल. प्लगची वायर मात्र भोकापासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, कारण बाहेर येतं ते पेट्रोल असू शकतं. इंजेक्शनच्या गाड्या पडल्यावर सेन्सर इंजिन बंद करतो. त्या उचलल्यावर लागत नाहीत म्हणून लोक घाबरतात. बहुतेक गाड्यांत चावी बंद करून पुन्हा चालू केली की काम होतं.

डागाचं सोपं आहे. आज रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरा. उद्या थेंब कुठे पडलाय त्यावरून वरची जागा कळेल. थोडासा डाग पाण्यात टाका. तरंगला तर इंजिन ऑइल, मिसळून गेला तर ब्रेक ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दोन्ही प्रकार पाण्यात मिसळतात. पेट्रोल असेल तर डाग उडून जातो, वास राहतो. इंजिन ऑइल निघालं तर उजव्या कव्हरवर नख फिरवा. ओरखडा आणि तडा बोटाला वेगळे लागतात.

हँडलचं मी शेवटी ठेवलं, कारण त्याला दोन कारणं असू शकतात आणि इलाज अगदी वेगळे. गाडीच्या समोर उभ्या राहा. आधी हँडल आणि ते ज्यावर बसतं ती वरची टी, या दोन्हींची तुलना करा. मग वरची टी आणि पुढचं चाक. हँडल टीच्या मानाने तिरकं असेल तर हँडल वाकलंय किंवा त्याखालचे रबरी बुश आणि बोल्ट वाकलेत. हँडल आणि टी एका रेषेत असून चाक तिरकं असेल, तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, टीमध्ये पिळला गेलाय. तसंच हँडल दोन्ही टोकांना नेऊन ते टाकीला टेकण्याआधी थांबतं का बघा. चेसिसवरचा जो ठोकळा ते थांबवतो तो पडताना तुटू शकतो.

एवढं करून सांगा.

---

निळीगाडी

काका, मनापासून आभार. सगळं केलं.

ॲक्सिलरेटर आधी उजव्या टोकाला अडकत होता. टोकाचं वजन आत गेलं होतं, ते सैल करून बाहेर घेतलं, आता तिन्ही ठिकाणी खटकन येतो. इंजिनाचा आवाज हँडल फिरवताना बदलत नाही. पुठ्ठ्यावरचा थेंब पाण्यात तरंगला. एअर फिल्टरचा डबा उघडला तर खाली ऑइल साचलं होतं आणि नळीचं बूच अर्धवट निसटलेलं. थेंब बरोबर त्याच्याच खाली. ऑइल सोडून दिलं, बूच बसवलं, फिल्टर नवीन आणते. इंजिनच्या कव्हरवर तडा सापडला नाही, पातळीही खुणांच्या मध्ये आहे.

हँडल आणि वरची टी सरळ आहेत, चाक तिरकं आहे. म्हणजे फोर्क पिळला गेलाय ना? हे मी घरी करू शकते का? आणि फोर्क नवीन टाकावा लागेल का?

---

दहाबाराचा पाना

बहुतेक वेळा नवीन लागत नाही. उभ्या गाडीला धक्का बसून ती पडली की नळ्या क्वचितच वाकतात, त्या पकडीत थोड्या फिरतात. पुढच्या चाकाचा ॲक्सल, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे बोल्ट आणि वरच्या टीचे बोल्ट सैल करायचे. सैल म्हणजे सैलच, काढायचे नाहीत. त्याआधी दोन्ही नळ्या वरच्या टीच्या किती वर आहेत ते मार्करने खूण करून ठेवायचं, कारण बोल्ट सुटले की गाडीच्या वजनाने नळी सरकते. चाक भिंतीला टेकवून हँडल उलट बाजूला दाबलं की ते जागेवर येतं. मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप चारदा वर-खाली दाबायचे, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं, आणि बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायचे.

टॉर्क पाना तुमच्याकडे नसेल तर हे काम घरी करू नका. खालची टी जास्त आवळली तर नळी दबते आणि शॉकअप अडकतो, कमी आवळली तर पहिल्याच खड्ड्यात पुन्हा फिरते. गॅरेजात जाऊन मात्र नेमकं सांगा: "फोर्क पिळलाय, टी सैल करून सरळ करा." नुसतं "हँडल वाकडं आहे" म्हटलंत तर काही जण हँडलच वाकवून सरळ दाखवतात आणि चाक तिरकं ते तिरकंच.

सरळ करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर नळ्या काढून सपाट काचेवर फिरवून बघायला लावा. वाकलेली नळी काचेवर डुगडुगते. आणि नळीच्या चकचकीत भागावर, जिथे सील वर-खाली होतं तिथे, ओरखडा आहे का बघा. बारीक ओरखडासुद्धा सील कापतो आणि काही दिवसांनी शॉकअप गळायला लागतो. उथळ असेल तर ऑइल लावून बारीक पॉलिश पेपरने धार मारता येते.

---

दिवसभर रस्त्यावर

ताई, मी कुरिअरचं काम करतो. दिवसात कितीतरी ठिकाणी गाडी लावावी लागते आणि बहुतेक जागा तुमच्यासारख्याच, म्हणून लावण्याबद्दल लिहितो.

काकांनी विचारलं ना, कुठल्या अंगावर पडली? त्यावरून कारणही कळतं. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कललेली असते. डावीकडून धक्का बसला की ती आधी सरळ उभी होते आणि मग उजव्या अंगावर जाते. याला फार जोर लागत नाही, कारण उजवीकडे टेकू असा काहीच नसतो. डाव्या अंगावर पडलेली गाडी दिसली की बहुधा स्टँड जमिनीत रुतलेला असतो किंवा गाडी पुढे सरकून मिटलेला. तुमची उजवीकडे पडली, म्हणजे चारचाकी स्टँडच्या बाजूने आली. तेव्हा तिथे गाडी उलट तोंडाने लावायचा विचार करा. उजवी बाजू चारचाक्यांकडे आणि स्टँड पलीकडे. मग हलका धक्का स्टँड झेलतो, शिवाय गाडी चारचाकीपासून दूर कललेली असल्याने हँडलही तेवढं लांब राहतं. जोरात ठोकलं तर काहीच टिकणार नाही, पण मागे घेताना लागणारे बरेच धक्के हळूच असतात.

हे करण्याआधी उतार बघा, कारण उताराचं आधी ऐकावं लागतं. साइड स्टँड पुढच्या दिशेने उघडतो. गाडी पुढे घरंगळली की तो मिटतो, मागे दाबली गेली की घट्ट बसतो. म्हणून तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकलेला, आणि गिअर टाकल्यावर गाडी हाताने मागे सोडून बघायची. इंजिनाने अडवलं की मगच स्टँडवर वजन द्यायचं. नुसता गिअर टाकून निघून गेलात तर चाक थोडं मोकळं असतं, तेवढ्या सरकण्यानेही स्टँड हलतो.

उतार गाडीला आडवा असेल तर वेगळी पंचाईत. डावी बाजू उंचावर आली तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, मग कोणाचा धक्का, वारा, काहीही पुरतं. डावी बाजू खोलात गेली तर सगळं वजन स्टँडवर येतं आणि गाडी सरळ करताना तुमचीच दमछाक होते. दोन्ही टाळा. फुटपाथची कड असलेल्या रस्त्यावर मागचं चाक कडेला टेकवून तोंड रस्त्याकडे ठेवणं मला सगळ्यात पक्कं वाटतं. बहुतेक रस्ते मधोमध उंच आणि कडेला खोल असतात, त्यामुळे तोंड आपोआप चढाकडे येतं, मागे कडेचा अडसर असतो आणि निघताना मागे बघत ढकलावं लागत नाही.

हँडल डावीकडे पूर्ण वळवून लॉक करा. उजवीकडे वळवलेल्या हँडलने साइड स्टँडवरची गाडी डळमळीत होते. कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते पान कोणी उघडत नाही.

मऊ डांबराला उपाय म्हणजे स्टँडच्या पायाखाली जाड पत्र्याचा किंवा प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा. त्याला भोक पाडून दोरी ओवा आणि दुसरं टोक हँडलला बांधा. निघताना गाडीवर बसूनच तो वर ओढून घेता येतो, आणि दोरी समोर दिसत असल्याने विसरायला होत नाही. सकाळी टणक असलेलं डांबर दुपारी मऊ होतं, त्यामुळे लावताना हाताला काय लागतं यावर जाऊ नका. पावसानंतरच्या मातीतही हाच तुकडा चालतो.

मेन स्टँडवर लावली तर? सपाट, कडक जमीन आणि कमी जागा असेल तर चांगलं. पण त्या स्टँडचे दोन पाय जवळजवळ असतात आणि गाडी अगदी सरळ असते, त्यामुळे आडवा धक्का दोन्हीकडून लागतो. मागून ढकललं की ती स्टँडवरून उतरते. तुमच्या उतारावर मी मेन स्टँड लावणार नाही.

जागेच्या आतही फरक पडतो. चारचाकीच्या रिकाम्या जागेत अगदी आत गाडी लावली तर वळून येणाऱ्याला जागा रिकामी दिसते. शेजारच्या गाड्यांच्या तोंडाच्या रेषेपर्यंत पुढे आणा. उभ्या चारचाकीच्या शेपटीमागे तर लावूच नका, तिच्या मागच्या काचेतून मोटारसायकल दिसत नाही. खांब, झाड, भिंत, जे असेल त्याच्या अंगाला लावा; चालवणारा खांबाला जपतो आणि आपली गाडीही वाचते. दुचाकींच्या रांगेत असाल तर टोकाची जागा टाळा आणि शेजारच्या हँडलपासून अंतर ठेवा, नाहीतर एक पडली की रांगच पडते.

कव्हर घालत असाल तर खालून बांधा. सुटं कव्हर वाऱ्याने फुगतं आणि गाडी ओढतं. आणि डिस्कला कुलूप लावत असाल तर त्यापासून हँडलपर्यंत भडक रंगाची दोरी हवीच. कुलूप विसरून गाडी पुढे घेतली की चाक जागीच अडकतं आणि चालवणाऱ्यासकट गाडी पडते.

---

पत्रारंग

टाकीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमचं घरचं काम डेंटिंग-पेंटिंगचं.

आधी फोटो. दुरुस्ती सुरू करण्याआधी चारही बाजूंनी काढा, विशेषतः डाव्या बाजूला चारचाकीचा रंग घासून लागलाय का ते जवळून. विमा मागायचा असेल तर कंपनीला कळवून त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत काही सुटं करू नका. किरकोळ नुकसान असेल तर मागितल्यावर मिळणारी रक्कम आणि पुढच्या वर्षी जाणारी सवलत यांचा हिशोब आधी मांडा. आणि पुन्हा कधी गाडी पडलेली सापडली तर उचलण्याआधी, जमिनीवर असतानाच एक फोटो घ्या. फक्त पेट्रोल वाहत असेल तर मात्र आधी उचला.

पोचा पडला पण रंग तडकला नसेल, तर रंग न काढता तो बाहेर ओढता येतो. वरून गोंदाने पकड चिकटवून हळूहळू ओढतात. आतून हात घालायला टाकीत जागा फार नसते, त्यामुळे पोचा खोल किंवा कडेवर असेल तर पुटी आणि रंग हाच मार्ग. रंग उडून पत्रा दिसत असेल तर मोठं काम नंतर करा, पण तेवढ्या जागेवर प्रायमर आजच लावा. गंज रंगाखालून पसरतो. टाकीच्या तळाच्या जोडावर बोट फिरवून ओल आहे का तेही बघा; धक्क्याने तिथे बारीक गळती सुरू होऊ शकते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कोणी म्हणालं की टाकी रिकामी केली, आता गॅसने गरम करून किंवा वेल्डिंग करून पोचा काढतो, तर टाकी उचलून परत आणा. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटेल इतकी वाफ सोडतं, आणि रिकाम्या टाकीत ती वाफ हवेबरोबर भरून राहते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. ती पूर्ण धुऊन, वाफ घालवून, हे काम रोज करणाऱ्या माणसानेच करावं. आमच्याकडे अशा टाकीजवळ कोणी काडी ओढत नाही.

---

निळीगाडी

सगळ्यांचे खूप आभार. जागा आज पुन्हा पाहिली. चढ भिंतीकडे आहे, म्हणजे तोंड भिंतीकडे केलं की उजवी बाजू चारचाक्यांकडे येते. दोन्ही एकदम जमतंय. भिंतीजवळ एक खांबही आहे.

गाडी उद्या गॅरेजात देते. परत आल्यावर पहिल्यांदा चालवताना काय बघू? आणि पुन्हा पडलीच आणि मदतीला कोणी नसेल, तर एकटीने उचलायची कशी?

---

दहाबाराचा पाना

उचलायचं आधी. चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद. सायलेन्सर गरम असेल तर त्याच्याकडे पाय जाऊ देऊ नका. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडा आणि गिअर टाका, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कलली की स्टँडवर बसते. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवून बसल्यासारखं व्हा. एका हाताने खालची ग्रिप, दुसऱ्याने मागचा कठडा किंवा चेसिसचा पक्का भाग. इंडिकेटर, पॅनल अजिबात नाही. पाठ ताठ ठेवून पायांनी जोर लावा आणि लहान लहान पावलं मागे टाकत जा. हातांनी वर उचलायला गेलात तर कंबर धरेल. डाव्या अंगावर पडली असेल तर स्टँड खाली अडकलेला असतो, तेव्हा सरळ झाल्यावर पलीकडे ढकलली जाणार नाही याची जास्त काळजी घ्या.

गॅरेजातून घेताना तिथेच बघा: ॲक्सिलरेटर तिन्ही ठिकाणी, पुढची लिव्हर टणक, मागचं चाक मोकळं, इंडिकेटर दोन्हीकडे सारख्या वेगाने लुकलुकतात का. एकीकडे भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब लागत नाहीये. लिव्हरचं ब्रॅकेट इतकंच आवळायला सांगा की चालवताना हलणार नाही, पण जोरात आपटलं तर फिरेल. फिरलेलं ब्रॅकेट पान्याने जागेवर येतं, तुटलेली लिव्हर येत नाही.

मग मोकळ्या जागी अगदी हळू चालवा आणि पुढचा ब्रेक हलकेच लावा. लिव्हर बोटांखाली धडधडली तर डिस्क वाकली आहे. मेकॅनिक डायल गेज लावून मोजेल. बऱ्याच गाड्यांत डिस्कच्या वाकण्याची ०.३ मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा दिलेली असते, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा. सरळ रस्त्यावर हँडल हलकं धरून गाडी कुठे ओढते का बघा. हात सोडून बघायचं नाही.

साइड स्टँडही तपासून घ्या. बंपर त्याच बाजूला लागलाय. पायाचं ब्रॅकेट चेसिसला जिथे जोडलंय तिथे तडा आहे का, मधला बोल्ट सैल झालाय का, स्प्रिंग पूर्ण ताणून धरते का. स्टँड उघडा असताना गिअर टाकल्यावर इंजिन बंद करणारा स्विच तुमच्या गाडीला असेल तर तोही चालतोय का बघा. आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा गॅरेजात जाऊन टीचे आणि ॲक्सलचे बोल्ट टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्या, त्यासाठी गाडी ठेवून यावी लागत नाही.